गारेगारच्या गाडीतला एसी

आमच्या दादाला अख्खी गॅरेजवाली गल्ली ‘गारेगार’ म्हणते. गाडीचा एसी बंद पडला की लोक डोळे मिटून त्याच्याकडे येतात. त्याची रीत ठरलेली. काचा बंद करायच्या, एसीच्या मधल्या जाळीत थर्मामीटर खुपसायचा आणि काटा खाली उतरला की गिऱ्हाइकाचं तोंड बंद. “काटा खोटं बोलत नाही,” हे त्याचं पालुपद. हट्टी तर असा, की विचारू नका.

वहिनी आजारी पडली तेव्हा दवाखान्याच्या फेऱ्या तोच करायचा. औषधांनी तिच्या अंगाची आग व्हायची. बाहेरची धूळ तिला नको, म्हणून दादा गाडीत आतलीच हवा फिरती ठेवायचा.

“अहो, इकडे हवाच येत नाही,” ती म्हणायची.

गॅरेजच्या उकाड्यात मुरलेला हा लगेच थर्मामीटर दाखवायचा. “एसी ठणठणीत आहे. तुझ्या औषधांची उष्णता आहे ती.”

शेवटी शेवटी तिने म्हणणंच सोडलं. फायलीच्या पुठ्ठ्याने वारा घेत बसायची. मागच्या सीटवरून ऐकताना मला दादाचा संताप यायचा, पण एसीतलं मला काय कळतंय, म्हणून मी गप्प.

वहिनी गेली. गाडी ताडपत्रीखाली उभी राहिली. परवा माझा गुडघा दाखवायला जायचं होतं, तेव्हा कुठे दादाने ती बाहेर काढली. मी वहिनीच्या जागी बसले आणि थोड्याच वेळात घामाने भिजले.

“दादा, इकडे हवा येत नाही रे.”

“एसी ठण...” शब्द अर्धाच टाकून त्याने ब्रेक दाबला.

गाडी त्याने तशीच गॅरेजकडे वळवली. माझा गुडघा गेला खड्ड्यात. माझ्या पुढ्यातला कप्पा उतरवून त्याने त्यामागचा हवेचा फिल्टर ओढून काढला. एसी गार हवा करत होता, पण तिला बाहेर यायला वाटच नव्हती. फिल्टरवर केसांचा थर बसला होता. लांब, काळे, मधूनच एखादा पांढरा. औषधांनी वहिनीचे केस गळायचे, सीटवर, पायाशी पडायचे. आतल्या आत फिरणाऱ्या हवेने ते ओढून इथे आणले होते.

दुसऱ्या कोणाची गाडी असती तर दादाने हवेच्या पाइपने फिल्टर झटक्यात साफ केला असता. पाइपकडे गेलेला त्याचा हात तिथेच थांबला.

“काटाच बघत बसलो गं,” तो म्हणाला. “तिला खरंच गरम होत होतं. एकदा तरी जाळीपुढे हात धरायला हवा होता.”

आणि माझा एवढा आडदांड भाऊ सीटवर डोकं टेकून हमसून हमसून रडला. त्याला सुनवायला चार शब्द मी कधीचे राखून ठेवले होते. ते सोडून मी त्याला एक फडकं शोधून दिलं.

तो फिल्टर त्याने स्वच्छ फडक्यात गुंडाळून ठेवला. नवा बसवून एसी लावला, तसा असा वारा सुटला की माझ्या कपाळावरचे केस उडाले.

“तू मागे बसतेस का?” त्याने विचारलं.

मी मागे गेले. दादाने सगळ्या जाळ्या त्या रिकाम्या सीटकडे वळवल्या. दवाखाना येईपर्यंत तो मधून मधून तिकडे हात नेऊन हवा येतेय का ते बघत होता.