कमलच्या अक्षरातली भिंत

कमल गेल्याचं मला वांकिडीच्या बाजारात, भाजी घेताना कळलं. कावीळ झाली होती म्हणे. खरं सांगते, आधी रडू आलं नाही. आता हिच्याकडून खरं कधीच वदवून घेता येणार नाही, हेच मनात आलं…

आम्ही गावच्या शाळेत एका बाकावर बसायचो. सत्त्याऐंशीत नववीला होतो. वर्ग रोज मुलींनीच झाडायचा असा नियम होता. मुलं तोवर बाहेर कबड्डी खेळत. मी भित्तिपत्रकावर निनावी कागद चिकटवला, ‘मुलांच्या हाताला झाडू चावतो काय?’ हे फक्त कमलला ठाऊक. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी थेट मलाच उभं केलं, वडिलांना बोलावणं गेलं आणि त्यांनी माझं नावच शाळेतून काढलं. आठवड्याभरात कमल मॉनिटर झाली. संशयाला आणखी काय लागतं?

“म्या नाई सांगतलं वं,” ती घरी येऊन म्हणाली.

“मंग हेडमास्तरले सपान पडलं काय?” म्हणून मी दार लावून घेतलं.

पुढे ती शिकली, त्याच शाळेत बाई झाली. झाडायच्या पाळ्या तिनं मुलामुलींत वाटल्या, मुलांना मनातलं निनावी लिहून टाकायला खोका ठेवला, त्यातलं ती वर्गाच्या भिंतीवर लावायची. गाव कौतुक करायचं आणि मी म्हणायची, केलेलं पाप धुते आहे. हळदीकुंकवात समोर आली की ती थांबायची… मी पुढे निघायची.

तेराव्यानंतर एकदा पुतणीला आणायला शाळेत गेले. भिंतीवर वीसेक कागद, बिनसहीचे. एकात तर गणिताच्या सरांच्या छडीची तक्रार होती. पण अक्षर सगळीकडे कमलचं. म्हणजे मुलांच्या नावावर हीच लिहायची! पुतणीला तसं बोलूनही दाखवलं.

“नाई वं काकू, लिवलेलं आमचंच हाये,” ती म्हणाली. “बाई आपल्या हातानं उतरवत अन् आमचे कागद चुलीत घालत. म्हनत, अक्षर चुगली करते. त्यायच्या मैत्रिणीले हेडमास्तरानं वहीतलं अक्षर जुळवून धरलं होतं.”

मी तिथंच पायरीवर बसले. एवढं तिला कळलं होतं, आणि ते मला सांगायला ती किती वेळा थांबली असेल…

खोका अजून वर्गात आहे. पुतणी सांगते, बाई गेल्यापासून त्यात एकही कागद पडलेला नाही.