लोह्याची बाई, अंगात लोह न्हाई

"दोन महिने गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढलं नाही, उलट थोडं उतरलंय," नांदेडच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. "आतून कुठून रक्त जातंय का, ते बघावं लागेल."

हिमोग्लोबिन म्हणजे रक्तातला लाल घटक. बाईमाणसाचं बारा तरी पाहिजे. माझं आधी साडेसात होतं, आता सात. त्यांनी एंडोस्कोपी लिहून दिली. म्हणजे तोंडातून नळी घालून पोट आतून बघायचं. मी मान हलवली, बाहेर आले आणि बाकड्यावर बसले.

माझी आक्का निलंग्याला दिली होती. तिचंही असंच झालं. आधी दम लागायचा, मग तोंड पांढरंफटक. लातूरला नेलं तर पोटात कॅन्सर निघाला, सहा महिन्यांत गेली. डॉक्टरांनी काहीही विचारलं की तिचं उत्तर एकच, काही न्हाई. दुखतंय का? काही न्हाई. काळी शी होते का, म्हणजे आतून रक्त जातंय का? काही न्हाई. लाजेपायी जीव घालवला बयेनं. मी अजून तिच्यावर चिडते आणि चिडता चिडता रडते.

तपासणीची तारीख आठ दिवसांनंतरची मिळाली. तसे आठ दिवस कुणावर येऊ नयेत. माझीही शी काळी होत होती. लोहाच्या गोळीनं ती काळीच होते, हे मला पक्कं माहीत. मी लोह्याजवळच्या गावात अंगणवाडी सेविका, बावीस वर्षं गरोदर बायांना याच गोळ्या वाटल्या. घाबरलेल्या पोरींची मीच समजूत काढलेली. पण स्वतःवर आलं तेव्हा ते शहाणपण कुठं गेलं कोण जाणे. घास गिळताना वाटायचं, इथंच काहीतरी अडतंय. दीर चेष्टा करायचे, लोह्याची बाई अन् अंगातच लोह न्हाई. मी हसायचे आणि मोरीत जाऊन डोळे पुसायचे.

गोळी मी एक दिवस चुकवली नव्हती. गोळी चहासोबत घ्यायची नाही, चहा लोह अंगी लागू देत नाही, हे मी बायांना दम भरून सांगत आले. आणि चहा तर मी वर्षापूर्वीच सोडला होता. शुगर काठावर आली म्हणून माझ्या लेकीनं, अश्विनीनं, साखरेचा चहा बंद करून ग्रीन टीचा डबा आणून दिला. पहिले आठ दिवस गवत उकळून प्यायल्यासारखं लागलं, मग गोडी लागली. साखर सुटली, वजन थोडं उतरलं, ब्लाऊज सैल झाले. आमच्या घरात त्याचं नावच हिरवं पाणी. दिवसाला पाच-सहा कप, जेवणावर तर हटकून.

तपासणीच्या दिवशी सिस्टरनं विचारलं, "मावशी, सकाळपासून काही खाल्लं-पिलं का?"

"काही न्हाई," मी म्हटलं. आणि दचकले. आवाज थेट आक्काचा. म्हणून पुढं बोलले, "पहाटे गोळी घेतली तेवढी. हिरव्या पाण्यासोबत."

"हिरवं पाणी म्हणजे?"

"ग्रीन टी."

सिस्टरनं पेन खाली ठेवला. "मावशी, तो बी चहाच हाय की."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. बावीस वर्षं जे दुसऱ्यांना सांगितलं, ते मीच रोज मोडत होते.

डॉक्टरबाईंनी समजावलं की दोन्ही चहा एकाच झाडाचे. त्यातलं टॅनिन, म्हणजे तोंडाला तुरट लागतं ते, लोहाला धरून ठेवतं. पण बहिणीला कॅन्सर होता, म्हणून नळी टाकूनच बघू, असंही म्हणाल्या. पहाटेचं पोटातून उतरू दिलं आणि दुपारी टाकली. डोळ्यांतून पाणी काढणारी पाच मिनिटं. पोटाला थोडी सूज होती, बाकी स्वच्छ. तरी माझा विश्वास बसेना. महिनाभर गोळी लिंबाच्या पाण्यासोबत घेतली. रिपोर्ट आला तेव्हा कागद अश्विनीला वाचायला दिला. साडेनऊ.

अश्विनीनं स्वतःला दोष देत डबा कचऱ्यात टाकला होता, तो मीच काढून आणला. बायांनो, ग्रीन टी वाईट नाही. वेळ चुकली, माप चुकलं. आता डॉक्टरांना विचारून चार वाजता एकच कप घेते. जेवण आणि गोळीपासून लांब, आणि अगदी उपाशीपोटी नाही.

परवा डॉक्टरबाईंनी विचारलं, "अजून काही घेता का?"

काही न्हाई, अगदी ओठावर आलं होतं. शेजारी अश्विनी बसलेली. डोळे मिटले आणि सांगून टाकलं, "तंबाखूची मिसरी लावते. चोरून."

अश्विनी माझ्याकडं बघतच राहिली. डॉक्टरबाई लिहून घेत म्हणाल्या, "कधीपासून?"

"लग्नाआधीपासून," मी म्हटलं. "आक्का आणि मी एकाच डबीतून लावायचो."