दोन वरातींमधलं अंतर

एका वेळी एकानंच बोलावं, दुसऱ्यानं ऐकावं आणि ऐकलेलं परत म्हणून दाखवावं, एवढं पाळलं तर जगातली निम्मी भांडणं मिटतील, असं मनापासून मानणारा एकच माणूस अख्ख्या मराठवाड्यात जन्मला आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आक्कांचे, हे यजमान. निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतर दोन-चार वर्षांनी ते जालन्याला बिऱ्हाड घेऊन आले. त्याआधी ते कुठल्याशा विमानतळावर उंच काचेच्या खोलीत बसून यंत्रातून वैमानिकांशी बोलत. कुणी किती उंचीवर राहायचं, कुणी आधी उतरायचं, हे यांनी सांगायचं आणि वरच्यानं ते जसंच्या तसं म्हणून दाखवायचं, असा त्या कामाचा रिवाज. असली ऐटबाज नोकरी सोडून हा गृहस्थ आमच्या गावच्या जिनिंग फॅक्टरीच्या फाटकावर कापसाच्या गाड्या आत सोडायला का आला, हे मला काही केल्या उमगेना. मी वकील, खोदून विचारायची खोड अंगात भिनलेली. पण विषय निघाला की साडूभाऊ पानाचा डबा पुढं ओढत आणि सुपारी कातरायला घेत.

आता आमच्या भागात ‘बराबर’ हा शब्द फार सोयीचा. ऐकलं असेल तरी बराबर, ऐकलं नसेल तरी बराबर, समोरचा लवकर गप्प व्हावा म्हणूनही बराबर. साडूभाऊंचं या शब्दाशी हाडवैर. फाटकावर गाडीवान मान हलवून “बराबर, साब” म्हणाला की हे बैलांच्या पुढ्यात उभे राहत. “काय बराबर? मी काय म्हणलो ते सांग.” गाडीवान डोकं खाजवत म्हणायचा, “म्होरली गाडी रिकामी होईस्तोवर फाटकात शिरायचं न्हाई.” “आता बराबर,” म्हणून हे बाजूला होत. भाजीवालीकडून पावशेर वांगी, बिनकिडकी, असं वदवून घेतल्याशिवाय ते पिशवी उघडत नसत. पुढं पुढं तर ती बाई यांना लांबून पाहूनच “पावशेर वांगी, बिनकिडकी” असं ओरडायला लागली आणि त्या दिवशी यांना दोडके हवे असले तरी बिचारे वांगी घेऊन घरी येत.

दुसरं वेड अंतराचं. दोन हलत्या वस्तू एकमेकींजवळ येताना दिसल्या की यांचा जीव खालीवर व्हायचा. पंगतीत वरणवाला एका टोकाकडून आणि तूपवाला दुसऱ्या टोकाकडून निघाला की साडूभाऊ भरल्या पानावरून हात वर करत, “तूप, जागीच थांबा!” यजमान गोरामोरा व्हायचा, पण खरं सांगतो, त्यांच्या पंगतीत कुणाच्या धोतरावर वरण सांडलेलं मी पाहिलं नाही. क्वचित कधी आकाशातून एखादं विमान गेलं तर ते हातातलं काम टाकून अंगणात येत, कपाळावर हात धरून सगळं आभाळ धुंडाळत आणि मग समाधानानं म्हणत, “एकटंच हाय. जाऊ द्या.” जणू दुसरं असतं तर त्यांनी अंगणातूनच त्याला अडवलं असतं.

त्यांच्या लेकीचं, सुमनचं लग्न ठरलं ते गोरज मुहूर्तावर. त्याच दिवशी, त्याच सुमाराला, शेजारच्या मारवाडी शेटजींच्या मुलाची वरात निघायची होती. आमची गल्ली अशी की दोन म्हशी समोरासमोर आल्या तर एकीनं ओसरीवर चढावं. एका टोकाला आमच्या नवरदेवाचा जानवसा. दुसऱ्या, बंद टोकाला मांडव आणि त्याला लागून शेटजींची हवेली. नवरदेवाचं घोडं माघारी फिरवणं दोन्हीकडं अपशकुन, म्हणजे दोन घोडी मधे भेटली की डोकी फुटणार हे ठरलेलं. आमचे व्याही तर आधीच नाकावर माशी बसू न देणारे. घोडं अडलं तर वऱ्हाड परत नेईन, असं त्यांनी सकाळीच बजावलं होतं.

साडूभाऊंना मात्र स्फुरण चढलं. आधी आपला नवरदेव मांडवात येईल, मग शेटजींचा निघेल. गल्लीच्या मध्यावर स्वतः झेंड्या घेऊन उभे राहणार. शेटजी म्हणाले, “बिलकुल, साब. तुम्ही हिरवी झेंडी आमच्याकडं वळवेपर्यंत आमचं घोडं हवेलीच्या दारात.” जानवशावर निरोप घेऊन मी गेलो. व्याह्यांनी एक शब्द न चुकता म्हणून दाखवलं. “हिरवी झेंडी दिसली की रस्ता मोकळा, मधे कुठं थांबायचं न्हाई.” परत येऊन मी साडूभाऊंना तसं सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा इतका खुलला की स्वतःच्या लग्नातही खुलला नसेल.

ऊन कलल्यावर त्यांनी जानवशाकडं हिरवी झेंडी दाखवली. कुणी हललं नाही. पुन्हा दाखवली. तिकडं शेटजींचे वाजंत्री वाद्यं काखेत मारून उभे, इकडं आमचं घोडं चंदी खात उभं, आणि मधली गल्ली शाळा सुटल्यावरच्या वर्गासारखी रिकामी. भटजी मांडवातून सूर्याकडं बघून राहिले होते. मी पळत जानवशावर गेलो. व्याही लोडाला टेकून सुपारी चघळत होते.

“झेंडी दिसली न्हाई का?”

“दिसली की. बराबर दिसली.”

“मंग?”

“मंग काय? पोरीच्या बापानं सोता येऊन, हात धरून चला म्हणलं पायजे. झेंडी पाहून उठायला आम्ही काय मालगाडी हावोत?”

मी कपाळावर हात मारला. साडूभाऊंनी जगभरचा विचार केला होता, पण बोलावणं करायला वधूपित्यानं जायचं असतं, हे झेंड्यांच्या नादात सपशेल विसरले होते. धावत येऊन सांगितलं तर ते जागचे हलेनात.

“जागा सोडून कसा जाऊ, वकीलसाब?” ते म्हणाले. “एकदा गेल्तो. दोन इमानं ढगात होती. एकाला म्हणलो, हाय तिथंच रहा. तो नुसतं बराबर म्हणला. मी ते धरून चाललो अन् चहा प्यायला उठलो. तो खाली येऊन राह्यल्ता. दुसऱ्याच्या खिडकीतली माणसं दिसली म्हणे त्याला. कोणी मेलं न्हाई. कोणी मला बोललंही न्हाई. पण मला त्या खुर्चीत बसवंना.”

इतकी वर्षं मी जे खोदत होतो ते असं भर गल्लीत, सनईवाल्यांच्या देखत हाती आलं आणि मला ते घ्यावंसं वाटेना. तेवढ्यात मांडवातून आक्का आल्या. पैठणी नेसलेल्या, नाकात नथ, कपाळावर घाम.

“द्या त्या झेंड्या इकडं. सूर्य बुडून राह्यला.”

साडूभाऊंनी त्यांच्याकडं पाहिलं. “शेटजींचं घोडं हवेलीच्या दारात. लाल त्यांच्याकडं, हिरवी आपल्याकडं. काय म्हणलो?”

“लाल त्यांच्याकडं, हिरवी आपल्याकडं. गल्ली आता माझी. जा तुम्ही.”

साडूभाऊ फेटा हातात घेऊन पळत सुटले. व्याह्यांचा हात धरून त्यांनी इतक्या कळवळून “चला” म्हटलं की तो ताठ माणूसही लगबगीनं उठला. आमचं घोडं आक्कांच्या हिरव्या झेंडीवरून मांडवात आलं. मंगलाष्टकं सुरू झाली, तेव्हा नवरीची आई अजून रस्त्यातच होती, शेटजींच्या वरातीला मार्ग देत. शेटजींच्या नवरदेवानं घोड्यावरूनच त्यांना हात जोडले.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं सुमन सासरी निघाली. आम्ही सगळे स्टेशनात होतो. डोळे पुसून झाले, गाडी हलली, लांब वळणाआड गेली. माणसं पांगली, साडूभाऊ फलाटाच्या टोकाशीच उभे. मी जवळ जाऊन म्हटलं, “साडूभाऊ, गाडीत काही सांगितलं नाहीत लेकीला? एवढे बोलके तुम्ही!”

“आपली हद्द संपली की इमान पुढच्या ठाण्याच्या स्वाधीन करायचं, वकीलसाब,” रुळांवरची नजर न काढता ते म्हणाले. “मंग आपण बोलायचं न्हाई. मधेच बोललं की वरच्याचा गोंधळ होतो.”

मी निघालो. स्टेशनच्या फाटकातून मागं पाहिलं तर ते तिथंच होते. त्यांचे ओठ हलत होते.