थंड होणारी भट्टी

प्रयोगशाळेत त्याला सगळे भागूबाई म्हणत. मिशीवाल्या, दोन लेकरांच्या बापाला असं नाव पडावं हे काही बरं नव्हे. पण माणूस होताच तसा भित्रा. निकेल आणि सिरियमच्या ऑक्साइडची पूड काचेच्या नळीत भरायची, भट्टी तापवायची, वायू सोडायचे, ही त्याची नोकरी. पुडीचा सगळा गुण तिच्या पृष्ठभागावर. तिथं उघडं निकेल किती, हे कळायला कार्बन मोनॉक्साइड सोडायचा; जेवढा चिकटेल तेवढं निकेल.

एकदा अशी ताजी पूड हवा लागताच पेटली आणि त्याच्या भुवया गेल्या. तेव्हापासून त्यानं आगीची जी धास्ती घेतली ती घेतलीच. भट्टी बंद केली की हवेची चावी पुन्हा पुन्हा चाचपायचा.

त्या दिवशीही चाचपली आणि निवांत डबा खायला बसला. घास तोंडात असतानाच त्याला आठवलं. हवेच्या धसक्यापायी तो कार्बन मोनॉक्साइडच बंद करायला विसरला होता! चांगल्या तापलेल्या निकेलला हा वायू नुसता चिकटतो. निकेल कोमट झालं की मात्र त्याचे कण उचलून सोबत नेतो, आणि ते संयुग म्हणजे जालीम विष. श्वासात गेलं की आधी डोकं दुखतं, मग चक्क बरं वाटतं, आणि दुसऱ्या दिवशी फुफ्फुसं दगा देतात.

तो जिवाच्या आकांतानं धावला. धूर ओढणारा पंखा बंद. भट्टीपाशी त्याची धाकटी बहीण फोनवर बोलत उभी. ती शेजारच्या खोलीत नमुने तपासायची.

"पंखा कुणी बंद केला?"

"मी. आत्ताच. किती घरघरतो मेला, काही ऐकू येईल तर शपथ!"

त्यानं तिला दंडाला धरून बाहेर काढलं आणि स्वतः परत आत घुसला. सिलिंडर बंद केला, पंखा लावला, खिडकी उघडायला गेला. ती गंजून बसलेली. तिच्याशी तो झटत राहिला.

टॅक्सी करून तो तिला दवाखान्यात घेऊन निघाला. बहिणीवरून त्याची नजर हटेना.

"डोकं दुखतंय का गं?"

"नाही रे दादा."

"खरं सांग."

"तू असा बघतोयस जणू मी गेलेच! दुखेल आता, तुझ्या बडबडीनं."

ती हसली. त्याला रडू फुटायच्या बेतात होतं. आईला काय सांगायचं, एवढंच डोक्यात घुमत होतं.

डॉक्टरीणबाईंनी तिला नीट तपासलं. "या तर नुकत्याच आत आल्या होत्या. फारसं काही गेलेलं दिसत नाही, तरी आज ठेवून घेऊ." मग त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "आणि तुम्ही? आत बराच वेळ होतात म्हणे. डोकं दुखलं?"

"मघाशी टॅक्सीत ठणकत होतं," तो म्हणाला. "काळजीनं असेल. आता बरं वाटतंय."

बोलून झालं आणि आपण काय बोललो ते त्याला कळलं. बहिणीनं त्याचा हात घट्ट धरला. आता ती हसत नव्हती.