मालाडचा खाजा

मनू, फोन जरा कानाशी धर गं. आजीला विसरलीस ना? आज शेजारच्या सावंतबाईंनी गावचा खाजा दिला. त्या आल्या-गुळाच्या वासानं तुझा सोळाव्या वर्षीचा चेहरा समोर आला. मन सावरायला तू त्या उपचार केंद्रात राहत होतीस आणि मी चाळभर सांगितलेलं, मनू मालवणला गेलीय. तू परतलीस तशी मालाडच्या बाजारातून खाजा आणून तुझ्याच हातात दिला, “जा, गावचा म्हणून वाट घरोघर.”

सावंतबाईंच्याच दारात तू म्हणालीस, “काकू, मी गावाला नव्हते, उपचार घेत होते. खाजा आजीनं मालाडला घेतलाय.” शरमेनं मी आत पळाले, तुला तिथंच टाकून.

आजचा खाजा मी तुझ्यासाठी डब्यात ठेवलाय. लवकर ये गं. त्या दारात पुन्हा जाऊ, या वेळी मी तुझ्या बाजूला उभी राहीन.