इस्माईलभाईचं सबमिशन

इस्माईलभाई काल दुपारी गेला. फायनल इयर नापास.

हे वाचून तो हसला असता. म्हणाला असता, "मास्तर, नापास नाही. 'सबमिशन बाकी'. नीट लिहा."

बरं. सबमिशन बाकी.

जुन्नरच्या बाजारपेठेतलं त्याचं बांगड्यांचं दुकान तुमच्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. तुमच्या आया-बहिणी तिथेच हात पुढे करून बसल्या.

मुलगा हाताशी आला तसं दुकान त्याच्यावर सोपवलं आणि एका सकाळी हा माझ्या दारात.

"मास्तर, शाळेत चित्रकलेचा तास लागला की अब्बा मला दुकानात बोलवून घ्यायचे. तो तास राहिलाय. चला."

"कुठे?"

"कॉलेजात. चौकशी केलीय. वयाची अट नाही."

मी मराठीचा निवृत्त शिक्षक. माझं सगळं आयुष्य कवितेच्या तासात गेलेलं. पण पाठ्यपुस्तकात कवितेच्या शेजारी ती लहान रेखाचित्रं असायची ना? नदी, होडी, लांबवर एक पक्षी. मला कवितेबरोबर तीही पाठ होती.

गेलो.

पहिल्या वर्षी स्टिल लाइफ. मॅडम आमच्या लेकीच्या वयाच्या. टेबलावर तांब्या, दोन कांदे आणि एक चुरगळलेलं फडकं मांडायच्या.

इस्माईलभाईला तांब्याचं तोंड काही केल्या गोल जमेना.

शेजारची पोरगी वाकून म्हणाली, "काका, हा दुधी आहे का?"

वर्ग हसला. सगळ्यात मोठ्याने तोच. "अगं, जन्मभर गोल विकले मी. काढायची वेळ कधी आली?"

माझं दुखणं निराळं. कांद्याच्या पापुद्र्यावरचा उजेड बघत बसायचो, ओठांत जुनी कविता, कागद कोरा. मॅडम मागून हळूच म्हणायच्या,

"सर, कांदा वाळतोय."

पुढच्या वर्षी पोर्ट्रेट. आम्ही एकमेकांना समोर बसवून काढायचो. मी काढलेलं त्याचं नाक बघून त्याच्या बायकोने, सलमाभाभीने, मला कितीतरी दिवस बिनसाखरेचा चहा दिला.

त्याचा हात मात्र बसत गेला. रोज काढायचा. मुलाच्या मदतीला दुकानात बसला तरी, गिऱ्हाईक नसलं की खोक्यांच्या पुठ्ठ्यावर.

फायनलला एकच मोठं चित्र द्यायचं होतं. त्याने आहुप्याच्या देवराईतलं एक झाड निवडलं.

देवाचं रान ते. तिथे कुऱ्हाड लागत नाही. दिवसासुद्धा आत शिरलं की आवाज आपोआप खाली येतो.

घोडेगावला एसटी बदलून आम्ही जायचो. तो बोर्डावर मोठा कागद लावून कोळशाने काढत बसायचा. मी शेजारी, डबा सांभाळायला आणि गुणगुणायला.

रानाच्या कडेला ठकूआजीचं घर. पहिल्याच दिवशी तिने विचारलं,

"पावणं, कोन गाव?"

"जुन्नर. बांगडीवाला मी."

"मंग बांगड्या कुठंयत?"

पुढच्या खेपेला तिच्या सुनेसाठी घेऊन गेला. तेव्हापासून बोर्ड आजीच्या पडवीतच मुक्कामाला.

चित्र पुरं झालं त्या दिवशी आजी समोर येऊन उभी राहिली. बराच वेळ बघत होती.

"ह्यो फाटा मागं वाऱ्यानं मोडल्याला. आन् ह्या ढोलीत माश्यांचं मव्हाळ व्हतं. पावणं, ह्ये तर आपलं झाडच हाय!"

इस्माईलभाईचा चेहरा असा उजळला की काय सांगू.

तो कागद गुंडाळायला लागला तशी आजी म्हणाली,

"म्हंजी ह्ये तुमी न्हेनार?"

"हो आजी. परीक्षा आहे."

"देवाच्या रानातलं आमी काय बी भायेर न्हेत न्हाई. वाळकी काटकी बी न्हाई. पर तुमी पावणं. मी काय अडवित न्हाई."

मी मध्ये पडलो. "आजी, हा नुसता कागद आहे. झाड जागेवरच आहे की."

"आसंल बाबा. मला झाड दिसलं, म्हून बोलले."

इस्माईलभाई कागदाची गुंडाळी हातात धरून उभा राहिला. मग ती तिच्या हातात दिली.

"आजी, रानातल्या देवळात ठेवा."

"ओल लागंल की हो."

"लागू दे. झाडालाही लागतेच."

एसटीत मी चिडलो. "अरे, वर्ष वाया गेलं तुझं! निदान मोबाइलवर फोटो तरी काढायचास."

"फोटो नेला तरी नेलंच की, मास्तर."

"आणि डोक्यात घेऊन चाललायस ते?"

"त्याचं वर गेल्यावर विचारतील. बघू."

खिडकीतून डिंभ्याचं पाणी दिसायला लागलं. तो तिकडे बघत म्हणाला,

"पहिल्या वर्षी पोरीला तांब्याचा दुधी दिसला. आज आजीला झाडच दिसलं. मास्तर, माझा निकाल लागला."

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "काका, चित्र बघितल्याशिवाय मला मार्क देता येणार नाहीत."

"देऊ नका. पुढच्या वर्षी दुकानातला आरसा काढतो. तो आणायला कोणी आडवं येणार नाही."

आरशाची चौकट काढून झाली होती. मग छातीचं दुखणं उपटलं.

चौकट तशीच आहे. आत काही नाही.

आज सकाळी मॅडमचा फोन आला. यंदाच्या प्रदर्शनात त्याच्या नावाची भिंत मोकळी ठेवणार आहेत. म्हणाल्या, "सर, खालची पाटी तुम्ही लिहा."

मी आधी चार ओळी लिहिल्या. यमकबिमक जुळवून. मोठ्याने वाचल्या आणि त्याचाच आवाज ऐकू आला, "मास्तर, कांदा वाळतोय."

फाडल्या.

आता एवढंच लिहिलंय:

देवराईतलं झाड. कोळसा, कागदावर.
इस्माईल बांगडीवाले, जुन्नर.
चित्र आहुप्यालाच आहे. बघायचं असेल त्याने तिकडे जावं.

इस्माईलभाई, मित्रा, सुखाने जा. राहिलेला तास भरला तुझा.

तुझ्या मास्तराचा शेवटचा सलाम.