डावी बाजू

मुलांनो, काल शेजारच्या वसुधाने एक कृष्णधवल छायाचित्र माझ्या हातात ठेवले. ती चित्रकलेची निवृत्त शिक्षिका. हल्ली म्हाताऱ्या शरीरांची छायाचित्रे काढते. चित्रात चेहरा नव्हता. एका बाजूला ओघळलेला स्तन, दुसऱ्या बाजूला सपाट जागा आणि तिच्यावरून तिरका गेलेला व्रण. खिडकीतल्या उजेडात तो छिन्नीने कोरल्यासारखा दिसत होता.

ते शरीर माझे आहे. माझी शस्त्रक्रिया तुम्हाला ठाऊक आहे, पण वसुधाने हे छायाचित्र काढेपर्यंत ही जागा डॉक्टरांखेरीज कुणी पाहिलेली नव्हती. पदर डाव्या खांद्यावरूनच जातो, त्यामुळे झाकणे सोपे गेले.

"प्रदर्शनात लावू?" वसुधाने विचारले.

"लोक ओळखतील गं."

"कशावरून? तू कुणाला दाखवलंयस का कधी?"

मला हसू आले नाही. लेण्यांत हात तुटलेल्या, नाक झिजलेल्या मूर्तींपुढे आपण किती वेळ उभे राहतो! दगडावर ठरणारी नजर माणसावर का ठरत नाही? लोकांना तरी काय बोलू? आंघोळ झाल्यावर आरशाकडे पाठ करून कपडे घालणारी मीच. काल प्रथमच मी त्या जागेकडे टक लावून पाहिले, आणि ती मला कुरूप वाटली नाही.

"लाव," मी म्हणाले. "पण खाली माझं पूर्ण नाव लिही."

प्रदर्शन रविवारी आहे. परक्यांच्या आधी तुम्हाला माझ्याकडून कळावे, म्हणून आजच लिहिले.